चिंतामणराव देशमुख

सर चिंतामण द्वारकानाथ देशमुख (जन्म : नाते, १४ जानेवारी १८९६, मृत्यू : हैदराबाद, २ ऑक्टोबर १९८२) हे भारतीय सनदी अधिकारी, अर्थशास्त्रज्ञ, राजकारणी, शिक्षणसंस्थांचे धुरीण आणि संस्कृतचे व्यासंगी होते. भारतीय रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर (१९४३–१९४९), तर १९५० ते १९५६ या काळात भारताचे अर्थमंत्री होते. मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे ठेवण्याच्या निर्णयाच्या निषेधार्थ त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या इतिहासात या राजीनाम्याला वेगळे स्थान आहे. सी. डी. देशमुख या नावानेही ते ओळखले जातात.

जन्म आणि बालपण

चिंतामणरावांचा जन्म तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील (आताचा रायगड जिल्हा) महाड तालुक्यात, रायगड किल्ल्याच्या परिसरातील नाते या गावी झाला. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख हे वकील होते आणि आईचे नाव भागीरथीबाई. घराणे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजातील, मूळचे कुंडलिका नदीकाठच्या रोह्याचे. जन्मगाव नाते असले तरी चिंतामणरावांना आपले वाटणारे गाव रोहाच होते. जिल्ह्यातील लोकही त्यांना 'रोह्याचे देशमुख' म्हणूनच ओळखत.

त्या काळचा कुलाबा जिल्हा म्हणजे खाड्या, भातशेती, मिठागरे आणि खोतांच्या जमिनी. रोह्याकडे रेल्वेचे नाव नव्हते. पेण-रोह्याकडच्या माणसाला मुंबई गाठायची तर धरमतरसारख्या बंदरातून बोटीने जावे लागे. आज पनवेल–रोहा लोहमार्गावर आपटे, जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे अशी स्थानके ओलांडत तासा-दोन तासांत होणारा प्रवास चिंतामणरावांच्या हयातीत पुरा झालाच नाही. रोह्यापर्यंत गाडी पोहोचली ती त्यांच्या निधनानंतर. अशा आडवळणाच्या भागातला मुलगा १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिला आला आणि संस्कृतसाठी दिली जाणारी मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्याने मिळवली. तेव्हाची मॅट्रिक ही साऱ्या मुंबई इलाख्याची परीक्षा होती, हे लक्षात घेतले म्हणजे या यशाचे मोल कळते.

इंग्लंडमधील शिक्षण

पुढील शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिज विद्यापीठाच्या जीझस महाविद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांनी विषय निवडले ते वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. १९१७ मध्ये निसर्गविज्ञानाची पदवी घेताना वनस्पतिशास्त्रातील प्रावीण्याबद्दल त्यांना फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळाले. पुढे देशाचे चलन आणि अर्थसंकल्प सांभाळणाऱ्या या माणसाचे औपचारिक शिक्षण अर्थशास्त्राचे नव्हते, याचा अनेकांना विसर पडतो. बागकामाची आवड मात्र त्यांनी जन्मभर जपली.

१९१८ मध्ये लंडन येथे झालेल्या भारतीय सनदी सेवेच्या (आय. सी. एस.) परीक्षेत ते पहिले आले. याच सुमारास लोकमान्य टिळक इंग्लंडमध्ये होते. सरकारी नोकरी न पत्करता राष्ट्रकार्याला वाहून घ्यावे का, असा प्रश्न तरुण चिंतामणरावांनी टिळकांपुढे मांडला. त्यावर, सेवेत राहून कारभाराचा अनुभव घ्यावा, स्वराज्य मिळाल्यावर त्याची गरज भासेल, असा सल्ला टिळकांनी दिल्याचे सांगितले जाते. ज्यांनी आयुष्यभर सरकारशी झुंज दिली त्यांनीच असा सल्ला द्यावा, हे वरवर पाहता विचित्र वाटते. पुढच्या तीस वर्षांत मात्र तो खरा ठरला.

इंग्लंडमध्ये असतानाच १९२० मध्ये त्यांनी रोझिना विल्कॉक्स या ब्रिटिश तरुणीशी विवाह केला. या दांपत्याला एक कन्या झाली. रोझिना यांचे १९४९ मध्ये निधन झाले.

सनदी सेवा

१९२० पासून सुमारे एकोणीस वर्षे चिंतामणरावांनी मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात काम केले. उपायुक्त, बंदोबस्त अधिकारी, महसूल सचिव, वित्त सचिव अशी पदे त्यांनी भूषविली. बंदोबस्त अधिकाऱ्याचे काम म्हणजे जमिनीची प्रतवारी, पिकांचा अंदाज आणि साऱ्याची निश्चिती. त्यासाठी गावोगाव हिंडावे लागे. शेतीची आणि शेतसाऱ्याची त्यांची जाण पुस्तकी नव्हती, ती या फिरतीतून आली. १९३१ मध्ये लंडनला दुसरी गोलमेज परिषद भरली तेव्हा परिषदेच्या सचिवालयात त्यांनी काम केले. १९३७ मध्ये त्यांना सी. आय. ई. हा किताब मिळाला.

रिझर्व्ह बँक

भारतीय रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली. जुलै १९३९ मध्ये चिंतामणरावांची नेमणूक बँक आणि सरकार यांच्यातील संपर्क अधिकारी म्हणून झाली. काही महिन्यांतच ते बँकेच्या मध्यवर्ती संचालक मंडळाचे सचिव झाले आणि १९४१ च्या अखेरीस डेप्युटी गव्हर्नर. फेब्रुवारी १९४३ मध्ये गव्हर्नर सर जेम्स टेलर यांचे निधन झाले. त्यांच्या जागी ११ ऑगस्ट १९४३ रोजी चिंतामणरावांची नियुक्ती झाली. ते बँकेचे तिसरे गव्हर्नर आणि त्या पदावर बसलेले पहिले भारतीय. १९४४ मध्ये त्यांना 'सर' हा किताब देण्यात आला.

काळ कठीण होता. महायुद्धाचा खर्च भागवण्यासाठी ब्रिटिश सरकार भारतात माल घेई आणि त्याचे पैसे लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने जमा करी. त्या ठेवीच्या आधारावर रिझर्व्ह बँकेला येथे नोटा छापाव्या लागत. परिणामी चलन फुगले, महागाई भडकली आणि त्याच वर्षी बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. युद्ध संपताना भारताच्या नावे लंडनमध्ये सुमारे १,७०० कोटी रुपयांची पुंजी साठली होती. ही पुंजी कागदावरची श्रीमंती न राहता प्रत्यक्ष देशाच्या कामी कशी यावी, हा पुढच्या काही वर्षांतल्या वाटाघाटींचा मुख्य विषय होता. युद्धकाळातील चलनवाढीला गव्हर्नर म्हणून देशमुखांनी पुरेसा विरोध केला नाही, अशी टीका काही अभ्यासक करतात. पण त्या वेळी निर्णयाची सूत्रे लंडनकडे होती. बँकेच्या हाती आकडे बाहेर आणणे आणि इशारे देणे एवढेच होते, हेही नमूद केले पाहिजे.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांची पायाभरणी करणारी परिषद झाली. सर जेरेमी रेझमन यांच्या नेतृत्वाखालील भारतीय शिष्टमंडळात चिंतामणराव, सर षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ हे सदस्य होते. भारत तेव्हा स्वतंत्र नव्हता, तरी या शिष्टमंडळाने स्टर्लिंग पुंजीचा प्रश्न आणि मागासलेल्या देशांच्या विकासाचा प्रश्न परिषदेत ठामपणे मांडला. नाणेनिधीत भारताला ४० कोटी डॉलरचा वाटा मिळाला. सोव्हिएत संघाने पुढे सदस्यत्व न घेतल्यामुळे सर्वांत मोठ्या पाच वाटेकऱ्यांत भारताची गणना झाली आणि संचालक नेमण्याचा हक्क मिळाला. या दोन्ही संस्थांच्या गव्हर्नर मंडळांवर चिंतामणराव पुढे अनेक वर्षे होते. १९५० मध्ये पॅरिसला भरलेल्या संयुक्त वार्षिक सभेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते.

जानेवारी १९४६ मध्ये सरकारने ५००, १,००० आणि १०,००० रुपयांच्या नोटा चलनातून रद्द केल्या. या उपायाबाबत बँकेला फारसा उत्साह नव्हता. नंतरच्या पिढ्यांना हा इतिहास पुन्हा वाचण्याचे प्रसंग आलेच.

फाळणीने मध्यवर्ती बँकेपुढे असाधारण पेच उभा केला. देश दोन झाले तरी ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँक हीच पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक होती. एप्रिल १९४८ पासून तेथे 'पाकिस्तान सरकार' असा ठसा मारलेल्या रिझर्व्ह बँकेच्याच नोटा वापरल्या गेल्या, आणि त्यांतील बहुतेकांवर सही होती सी. डी. देशमुख यांची. रोख शिलकीतील पाकिस्तानच्या वाट्याचे ५५ कोटी रुपये रोखून धरण्याचा वाद जानेवारी १९४८ मध्ये चिघळला, तेव्हा बँकेलाही त्या वादात ओढले गेले. ब्रह्मदेशाची मध्यवर्ती बँक म्हणूनही रिझर्व्ह बँकेने एप्रिल १९४७ पर्यंत काम पाहिले होते, मध्ये जपानी ताब्याचा काळ सोडून. एका गव्हर्नराच्या कारकिर्दीत तीन देशांच्या चलनाचा हिशेब मिटवण्याची वेळ आली, असे उदाहरण विरळाच.

बँकेतील संशोधन व सांख्यिकी विभाग १९४५ मध्ये स्थापन झाला. १ जानेवारी १९४९ रोजी भागधारकांच्या मालकीची ही बँक सरकारी मालकीची झाली आणि त्याच वर्षी बँकिंग कंपन्यांवर देखरेख ठेवणारा सर्वंकष कायदा अमलात आला. ३० जून १९४९ रोजी चिंतामणराव गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले. त्यानंतर काही काळ त्यांनी अमेरिका व युरोपातील भारताचे विशेष आर्थिक प्रतिनिधी म्हणून काम केले.

अर्थमंत्री

मार्च १९५० मध्ये नियोजन आयोगाची स्थापना झाली आणि पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी चिंतामणरावांना आयोगावर घेतले. नियोजन आयोगाच्या अधिकारांवरून अर्थमंत्री जॉन मथाई यांचे पंतप्रधानांशी मतभेद झाले व त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी जून १९५० च्या सुमारास चिंतामणराव अर्थमंत्री झाले. योजना आखणारा आणि तिजोरी सांभाळणारा एकच माणूस असल्याने पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात आयोग आणि अर्थखाते यांच्यात मोठा संघर्ष झाला नाही. शेती, पाटबंधारे आणि वीज यांवर भर देणारी ही योजना आरंभी २,०६९ कोटी रुपयांची होती.

पक्षीय राजकारणाशी त्यांचा तोवर संबंध आला नव्हता. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ मध्ये, ते काँग्रेसचे उमेदवार म्हणून कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. हा जिल्हा शेतकरी चळवळीचा. १९३० च्या दशकात अलिबागजवळील चरी येथे खोतांविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेला दीर्घ संप लोकांच्या स्मरणात ताजा होता आणि शेतकरी कामगार पक्षाचे बळ गावोगाव वाढत होते. अशा जिल्ह्यात किताबधारी सनदी अधिकाऱ्याने मते मागणे सोपे नव्हते. भूमिपुत्र असल्याचा त्यांना निश्चितच लाभ झाला. पुढच्या, म्हणजे १९५७ च्या निवडणुकीत ही जागा शेतकरी कामगार पक्षाकडे गेली. तोवर चिंतामणराव राजकारणातून बाहेर पडले होते.

अर्थमंत्री म्हणून त्यांच्या कारकिर्दीत झालेल्या गोष्टींपैकी दोन अधिक खोलवर परिणाम करणाऱ्या ठरल्या. पहिली म्हणजे स्टेट बँकेची स्थापना. रिझर्व्ह बँकेने ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखाली ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी करवली होती; धनंजयराव गाडगीळ हे त्या समितीचे एक सदस्य होते. शेतकऱ्याला लागणाऱ्या कर्जाचा फार मोठा भाग सावकार पुरवतो आणि सरकार व सहकारी संस्था मिळून त्यातला अत्यल्प भागच देतात, हे या पाहणीतून आकड्यांनिशी पुढे आले. समितीच्या शिफारशीनुसार १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेचे रूपांतर स्टेट बँक ऑफ इंडियात झाले आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर घालण्यात आले. तालुक्याच्या गावी जी पहिली 'मोठी बँक' लोकांनी पाहिली, ती बहुधा याच निर्णयामुळे.

दुसरी गोष्ट आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची. विमा कंपन्यांमधील पैशांच्या गैरवापराची प्रकरणे उघडकीस येत होती. आगाऊ सुगावा लागला तर कंपन्या पैसा हलवतील, म्हणून सारी तयारी गुप्त ठेवण्यात आली. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच रात्री चिंतामणरावांनी आकाशवाणीवरून देशाला निर्णय सांगितला. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ भविष्य निर्वाह संस्था अशा एकूण २४५ संस्थांचा कारभार सरकारने हाती घेतला. त्यांच्या एकत्रीकरणातून १ सप्टेंबर १९५६ रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ उभे राहिले.

याखेरीज पहिला वित्त आयोग (१९५१), मालमत्ता शुल्काचा कायदा (१९५३), जॉन मथाई यांच्या अध्यक्षतेखालील करचौकशी आयोग (१९५३) आणि १९५६ चा कंपनी कायदा हेही याच काळातले. १९५५ पासून अर्थसंकल्पाची कागदपत्रे हिंदीतही छापली जाऊ लागली. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे चिंतामणराव १९४५ ते १९६४ या काळात अध्यक्ष होते. १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीला त्यांनी अर्थमंत्री म्हणून पाठबळ दिले.

२२ जानेवारी १९५३ रोजी त्यांचा विवाह दुर्गाबाई यांच्याशी नोंदणी पद्धतीने झाला. राजमहेंद्री येथे जन्मलेल्या दुर्गाबाई स्वातंत्र्यसैनिक, वकील, संविधान सभेच्या सदस्य आणि नियोजन आयोगाच्या सदस्य होत्या. केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष. विवाहाला साक्षीदार म्हणून पंतप्रधान नेहरूंनी सही केली. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनाच्या वेळी खादी प्रदर्शनाच्या दारावर स्वयंसेविका म्हणून उभ्या असलेल्या बालवयातील दुर्गाबाईंनी तिकीट नाही म्हणून ज्या नेहरूंना अडवले होते, तेच हे नेहरू. (लेखिका दुर्गा भागवत आणि दुर्गाबाई देशमुख यांच्यात नावामुळे गल्लत होऊ नये.)

राजीनामा

राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये अहवाल दिला. त्यात तेलुगू, कन्नड, मल्याळी भाषकांची राज्ये सुचवली होती. मराठी भाषकांना मात्र गुजरातीसह द्वैभाषिक मुंबई राज्य आणि वेगळा विदर्भ असा तोडगा दिला होता. त्याला विरोध होताच काँग्रेस श्रेष्ठींनी महाराष्ट्र, गुजरात आणि स्वतंत्र मुंबई शहर अशी त्रिराज्य योजना पुढे केली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत मोर्चावर गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ रोजी नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित राहील अशी घोषणा केली आणि शहर पेटले. पुढील काही दिवसांतल्या गोळीबारांत मोठ्या संख्येने माणसे मारली गेली. पुढे फ्लोरा फाउंटनजवळ ज्यांचे स्मारक उभे राहिले त्या हुतात्म्यांपैकी अनेक याच दिवसांतले.

तारखा जुळवून पाहिल्या तर चिंतामणरावांच्या मनःस्थितीची कल्पना येते. १६ जानेवारीला पंतप्रधानांची घोषणा, १९ जानेवारीला स्वतः त्यांचे विम्याविषयीचे भाषण, आणि त्याच आठवड्यात मुंबईच्या रस्त्यांवर गोळ्या. त्यांनी जानेवारीतच राजीनामा देऊ केला. परंतु अर्थसंकल्प तोंडावर असल्याने व निर्णयात बदल होण्याची आशा असल्याने तो लगेच अमलात आला नाही. फेब्रुवारीत त्यांनी अर्थसंकल्प मांडला. जूनमध्ये नेहरूंनी मुंबईत, शहर पाच वर्षे केंद्रशासित राहील असे जाहीर केले. त्यानंतर थांबण्याचे कारण उरले नाही.

जुलै १९५६ मध्ये राजीनामा स्वीकारला गेला आणि लोकसभेत चिंतामणरावांनी निवेदन केले. मुंबईसंबंधीचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता घेतला गेला, पंतप्रधानांनी सहकाऱ्यांना न विचारता घोषणा केल्या, गोळीबारांची न्यायालयीन चौकशी नाकारण्यात आली आणि महाराष्ट्राविषयी सत्ताधाऱ्यांच्या मनात आकस आहे, असे त्यांच्या निवेदनाचे मुद्दे होते. नेहरूंनी हे आरोप नाकारले. या निवेदनात केवळ प्रादेशिक गाऱ्हाणे नव्हते. संसदीय पद्धतीत पंतप्रधान हा समानांतील पहिला की सर्वांचा धनी, हा त्यातला खरा प्रश्न होता, आणि तो अजूनही अधूनमधून डोके वर काढतो.

जानेवारीत राजीनामा देऊन जुलैपर्यंत का थांबले, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. सनदी नोकरीत मुरलेल्या माणसाने हाती घेतलेला अर्थसंकल्प अर्धवट टाकू नये, ही वृत्ती त्यामागे असावी. पद सोडल्यावर ते विरोधी पक्षांच्या व्यासपीठावर चढले नाहीत आणि लोकप्रियतेचे राजकीय भांडवलही त्यांनी केले नाही. पण केंद्रातील अर्थमंत्र्याने मुंबईसाठी खुर्ची सोडली, ही गोष्ट खेड्यापाड्यांत पोहोचली आणि चळवळीला नैतिक बळ मिळाले. ऑगस्टमध्ये संसदेने विशाल द्वैभाषिक राज्याचा तोडगा स्वीकारला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्य अस्तित्वात आले, आणि अखेर १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला.

शिक्षण आणि संस्थाकार्य

राजीनाम्यानंतर त्याच वर्षी चिंतामणराव विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. ज्या पंतप्रधानांवर त्यांनी भर लोकसभेत टीका केली, त्यांच्याच सरकारने त्यांना हे पद दिले, ही गोष्ट दोघांच्याही मोठेपणाची म्हटली पाहिजे. आयोगाला कायद्याचे अधिष्ठान १९५६ मध्येच मिळाले होते. प्राध्यापकांचे वेतन, ग्रंथालये, प्रयोगशाळा आणि तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम या बाबींना १९६१ पर्यंतच्या त्यांच्या कारकिर्दीत चालना मिळाली. १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. नोकरी करणाऱ्या आणि महाविद्यालयात जाऊ न शकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी पत्रद्वारा शिक्षणाची सोय या विद्यापीठात १९६२ मध्येच सुरू झाली.

नवी दिल्लीतील इंडिया इंटरनॅशनल सेंटर या संस्थेचे ते संस्थापक अध्यक्ष होते. तिची वास्तू १९६२ मध्ये खुली झाली. हैदराबादच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजच्या नियामक मंडळाचे अध्यक्षपद त्यांनी १९५९ ते १९७३ अशी चौदा वर्षे सांभाळले.

१९५९ मध्ये त्यांनी उच्चपदस्थांच्या भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासण्यासाठी निःपक्षपाती असे कायम न्यायाधिकरण नेमावे अशी सूचना जाहीर भाषणात केली. नेहरूंनी ती मान्य केली नाही. या विषयावर देशभर झालेली चर्चा मात्र वाया गेली नाही. १९६२ मध्ये संथानम समिती नेमली गेली आणि १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला. लोकपालाच्या मागणीचा इतिहास सांगताना या सूचनेपासून सुरुवात करणे योग्य ठरेल.

मॅगसेसे पुरस्कार

१९५९ मध्ये चिंतामणरावांना शासकीय सेवेसाठीचा रामोन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. फिलिपाइन्सचे राष्ट्राध्यक्ष रामोन मॅगसेसे हे संरक्षणमंत्री असताना हुक बंडखोरी आटोक्यात आणून पुढे आले आणि १९५३ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष झाले. सामान्य माणसासाठी राजवाड्याची दारे उघडी ठेवणारा नेता अशी त्यांची ख्याती होती. १७ मार्च १९५७ रोजी सेबू बेटावर विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला आणि त्यांच्या स्मरणार्थ हा पुरस्कार सुरू झाला. पहिल्या वर्षी, १९५८ मध्ये, तो मिळालेल्यांत आचार्य विनोबा भावे होते. विनोबांचा जन्म पेण तालुक्यातील गागोदे गावचा. म्हणजे पहिल्या दोन वर्षांतच हा आशियाई सन्मान एकाच कुलाबा जिल्ह्यातल्या दोन सुपुत्रांकडे आला.

१९५९ चा शासकीय सेवेचा पुरस्कार चिंतामणरावांसह फिलिपाइन्सचे शिक्षणतज्ज्ञ होजे वास्केझ आगिलार यांना विभागून मिळाला. प्राथमिक वर्गांत मुलांना परभाषेऐवजी त्यांच्या बोलीतून शिकवावे, असा प्रयोग आगिलार यांनी इलोइलो प्रांतातील शाळांमध्ये करून दाखवला होता. मराठी वाचकाला हे नाव फारसे परिचित नसले, तरी त्यांनी उचललेला प्रश्न आपल्या शाळांना चांगलाच परिचित आहे.

राष्ट्रपतिपदाची निवडणूक

मे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले. काँग्रेसमधील फुटीच्या पार्श्वभूमीवर झालेल्या निवडणुकीत पक्षाचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी आणि इंदिरा गांधींचा पाठिंबा लाभलेले व्ही. व्ही. गिरी यांच्यासमोर स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी चिंतामणरावांना उभे केले. मतदान १६ ऑगस्टला झाले. पहिल्या पसंतीची मते गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ अशी मिळाली. दुसऱ्या पसंतीच्या मोजणीनंतर गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ मतांनी विजयी झाले. म्हणजे देशमुखांच्या मतदारांच्या दुसऱ्या पसंतीने निकाल जवळजवळ उलटला होता.

मतदानाच्या चारच आठवडे आधी सरकारने १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण केले होते. इंपीरियल बँक आणि आयुर्विमा सरकारी मालकीखाली आणणारा अर्थमंत्री या वेळी राष्ट्रीयीकरणाचा कट्टर विरोध करणाऱ्या पक्षांचा उमेदवार होता. या विसंगतीकडे त्या धामधुमीत फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

संस्कृत आणि लेखन

कारभाराच्या धबडग्यातही चिंतामणरावांचा संस्कृतचा व्यासंग सुटला नाही. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठीत समश्लोकी अनुवाद केला. महात्मा गांधींच्या वचनांना संस्कृत श्लोकरूप देणारा 'गांधीसूक्तिमुक्तावलि' हा ग्रंथ १९५७ मध्ये, तर स्वतःच्या संस्कृत कवितांचा संग्रह १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. 'द कोर्स ऑफ माय लाइफ' हे इंग्रजी आत्मचरित्र १९७४ चे. त्यातील शैली टापटिपीची आणि संयमित आहे. कटू प्रसंगांचे वर्णनही कार्यालयीन टिप्पणीच्या नेमकेपणाने येते, त्यामुळे भावनिक कबुलीजबाबाच्या अपेक्षेने ते उघडणारा वाचक थोडा निराश होण्याचा संभव आहे.

अखेरची वर्षे आणि स्मृती

१९७५ मध्ये चिंतामणराव आणि दुर्गाबाई या दोघांनाही पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. उत्तरायुष्यात हे दांपत्य हैदराबादला स्थायिक झाले. दुर्गाबाईंचे ९ मे १९८१ रोजी निधन झाले; चिंतामणराव २ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी वारले. ज्या कुलाबा जिल्ह्यातून ते निवडून आले होते, त्याचे नाव १ जानेवारी १९८१ पासून रायगड झाले होते.

रिझर्व्ह बँक १९८४ पासून त्यांच्या नावे स्मृतिव्याख्यानमाला चालवते. इंडिया इंटरनॅशनल सेंटरचे सभागृह, मुलुंड येथील उद्यान आणि स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणारी ठाणे महानगरपालिकेची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था यांना त्यांचे नाव आहे. रोहा येथील वाणिज्य महाविद्यालयही डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या नावाने चालते.